तिसऱ्या वाढदिवसाच्या आत ये

तुझा प्रश्न काल रात्री वाचला. दोन ओळी लिहून झोपणार होते, पण झोपच लागली नाही, म्हणून आता सविस्तरच लिहिते. (तू म्हणतेय, चालेल ना? माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची वाटलीस.) नवऱ्याची बदली अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला झालीय, मुलगा सव्वादोन वर्षांचा, अजून बोलत नाही, पुण्यात स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे हातांची, रोजची कामं शिकवणारी) चालू आहे. न्यू जर्सीत अशा मुलांसाठी काय असतं आणि चालू असलेलं सगळं मोडून यावं का, हा तुझा प्रश्न. व्हिसा, विमा, सामान यावर मी काही लिहीत नाही, ते कंपनीची माणसं सांगतील.

आधी वयाचं बोलू. इथे जन्मापासून तीन वर्षांपर्यंत अर्ली इंटरव्हेन्शन असतं, म्हणजे वाढीत मागे असलेल्या लहान मुलांसाठी सरकारी तपासणी आणि थेरपी. 1986 च्या केंद्राच्या कायद्यातून आलेली ही योजना प्रत्येक राज्य आपापल्या पद्धतीने चालवतं. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, आईने स्वतः फोन केला तरी चालतो. फोन केल्यापासून 45 दिवसांत तपासणी आणि पहिली मीटिंग व्हायला हवी. न्यू जर्सीत विकासाच्या एका बाबतीत 33 टक्के किंवा दोन बाबतींत 25 टक्के मागे असेल तर मूल योजनेत बसतं. तपासणी फुकट, पुढच्या थेरपीला उत्पन्नाप्रमाणे तासामागे पैसे. थेरपिस्ट घरी येते. रिक्षा नाही, क्लिनिकबाहेरची रांग नाही.

तिसऱ्या वाढदिवशी हे सगळं बंद होतं आणि मूल गावच्या सरकारी शाळेच्या हवाली होतं. आता हिशोब कर. तुझ्याकडे नऊ महिने आहेत. दोन सामान बांधण्यात आणि घर शोधण्यात जातील, दीड फोन ते मीटिंगमध्ये, महिनाभर थेरपिस्ट मिळेपर्यंत. उरले चार-साडेचार. तेवढ्यासाठीसुद्धा यावं असं मला वाटतं. पण बदली सहा महिने पुढे ढकलणार असाल तर मग घाई करू नका. वाढदिवसाला 45 दिवसांहून कमी उरले असले की तपासणी करायला ते बांधील नसतात, सरळ शाळेकडे पाठवतात.

आम्ही आलो तेव्हा आमचा मुलगा दोन वर्षांचा होता आणि चार महिने आम्ही फोनच केला नाही. नवऱ्याला कुणीतरी ऑफिसात सांगितलं होतं की सरकारी कागदावर मुलाचं काही आलं तर ग्रीन कार्डला अडचण येते. वकिलाला विचारायला एक ईमेल पुरली असती. पण ती लिहायची म्हणजे आधी आपल्या मुलाला काहीतरी आहे हे टाइप करायचं. शेवटी मी विचारलं. मुलाच्या थेरपीमुळे तुमच्या अर्जाला धक्का लागत नाही, असं दोन ओळींचं उत्तर आलं. तुमच्या वकिलाला तुम्ही विमानात बसायच्या आधीच विचारा.

तपासणीला दोन बायका आल्या, खेळण्यांची पिशवी घेऊन. एकीने चित्रांचं पुस्तक उघडून विचारलं, "व्हेअर इज द डॉग?" हा ढिम्म. मी हळूच म्हटलं, "भूभू कुठाय?" त्याने लगेच बोट ठेवलं. ती बाई हसून म्हणाली, "मॉम, प्लीज डोन्ट हेल्प हिम." मग साबणाचे फुगे काढले. फुगे संपले की बाटली घट्ट बंद करायची आणि मूल मागतंय का ते बघायचं. हा बाटलीकडे बघून स्वच्छ म्हणाला, "अज्जू." अजून! मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने माझ्याकडे. त्या बाईने काहीच लिहिलं नाही. खिडकीतून कचऱ्याचा ट्रक दिसला तेव्हा "भुर्र" झालं, तेही गेलं. रिपोर्टमध्ये शब्दांच्या रकान्यात शून्य होतं.

त्या शून्यामुळेच तो योजनेत बसला, म्हणजे तसा फायदाच झाला म्हणायचा. पण मूल ज्या भाषेत वाढतं त्या भाषेत तपासणी व्हावी, अगदीच शक्य नसेल तरच नाही, असं त्याच कायद्यात लिहिलंय. दुभाषा मागता येतो. मला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी मागितला असता का, कोण जाणे. इंग्रजी येत नाही असं वाटेल म्हणून गप्प बसले असते.

मग दर मंगळवारी दहाला थेरपिस्ट यायला लागली. न सांगता दारात बूट काढायची, सतरंजीवर मांडी घालून बसायची. माणूस म्हणून फार चांगली. दोन्ही हातांची बोटं चिमटीसारखी जुळवून एकमेकांवर टेकवायची, की "मोर" ही खूण होते, ती तिने त्याला पंधरा दिवसांत शिकवली. आणि दुसऱ्याच आठवड्यात मला म्हणाली, घरात एकच भाषा ठेवा, नाहीतर गोंधळेल.

मी सांगलीची, मराठी माध्यमाची. माझं इंग्रजी ऑफिसातल्या मेलपुरतं. त्या संध्याकाळपासून मी त्या इंग्रजीत मुलाला भरवायला, दटावायला, झोपवायला लागले. अंगाई बंद झाली. "नको रे राजा" म्हणायच्या जागी "नो, नो" यायला लागलं. दोन भाषांमुळे बोलण्यात अडचण येत नाही, उलट पालकांनी आपल्या भाषेत बोलावं, असं इथल्या स्पीच थेरपिस्टांची राष्ट्रीय संघटनाच सांगते. हे मी वाचलं तेव्हा तो सहा वर्षांचा होता.

आज तो नऊ वर्षांचा आहे आणि बोलतो. इंग्रजीत, छोट्या वाक्यांत, मुद्द्याचं. रविवारी माझी आई फोनवर असते. तिने शेजारच्या मुलाकडून "हाऊ आर यू" आणि "डिड यू ईट" शिकून घेतलंय. तो "येस" म्हणतो आणि तिचे प्रश्न संपतात. ती मला कधी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

शाळेचं सांगायचंय. शाळा पत्त्यावर ठरते, म्हणून घर घेताना किचन नंतर बघा, आधी शाळांचा डिस्ट्रिक्ट बघा. भाडेकरारावर तुझं नाव घालून घे. आमच्या करारावर फक्त नवऱ्याचं होतं, विजेचं बिलही त्याचंच. मी फाइल घेऊन शाळेच्या ऑफिसात गेले, तर काउंटरवरची बाई म्हणाली, तुम्ही इथे राहता याचा काही कागद? तीन वर्षांचं मूल कडेवर घेऊन मी उभी, आणि माझ्या नावाचा एकही कागद या देशात नाही. त्या दिवशी मला माझ्या व्हिसावरच्या डिपेन्डन्ट या शब्दाचा अर्थ कळला. लसींचं कार्ड नीट तपासून घे. आपल्याकडे गोवराची लस नऊ महिन्यांना देतात, ती इथे धरत नाहीत, वर्ष झाल्यानंतरची लागते. आणि बीसीजीमुळे टीबीची हातावरची चाचणी पॉझिटिव्ह दिसू शकते. तसं झालं तर घाबरू नकोस, रक्ताची चाचणी माग.

तीन वर्षांच्या तीन महिने आधी शाळेबरोबर मीटिंग होते. मग सायकॉलॉजिस्ट, लर्निंग कन्सल्टंट आणि सोशल वर्कर अशी टीम बसते आणि आयईपी नावाचा करार बनतो: कुठला वर्ग, आठवड्याला किती मिनिटं स्पीच, एकट्याला की गटात. आमच्या मीटिंगला टेबलाच्या त्या बाजूला सहा जण होते. घरी स्पीच एकट्याला मिळत होतं, इथे कागदावर गटात, अर्धा तास. मी विचारलं का. उत्तर आलं, "वी फील धिस इज अप्रोप्रिएट." सगळे इतके गोड हसत होते की मी सही केली. पाहुण्यांसमोर नाही म्हणू नये ही आपली सवय, आणि इथे तर पाहुणे आम्हीच. पहिली आयईपी आपल्या सहीशिवाय लागू होत नाही हे मला वर्षभराने स्पॅन या पालकांच्या संस्थेत कळलं. त्यांची मदत फुकट असते. मीटिंगच्या आधी त्यांना फोन कर आणि कागद घरी घेऊन ये. तो अर्धा तास मला अजून सलतो.

एक मात्र कबूल करते. पिवळी छोटी बस दारात येते, बसमधली मावशी त्याचा पट्टा स्वतः बांधते, वर्गात पाच-सहा मुलं, दोन-तीन मोठी माणसं, फी नाही. "आमच्याकडे अशी मुलं घेत नाही" असं सरकारी शाळा म्हणू शकत नाही. माझ्या मावसबहिणीने पुण्यात हे वाक्य चार शाळांत ऐकलंय.

एकटेपणाबद्दल विचारलंस. असतो. हिवाळ्यात जास्त. मंडळाच्या गणपतीला जा, पण "अजून बोलत नाही का?" ची तयारी ठेवून जा.

तर ये. आणि यायच्या आधी आज रात्रीच एक वही कर. तुझा मुलगा बोलत नाही असं तू लिहिलंस, पण माझी खात्री आहे काहीतरी म्हणत असणार. जो आवाज ज्या वस्तूला काढतो तो देवनागरीत लिही, पुढे इंग्रजीत अर्थ, जमलं तर मोबाईलवर व्हिडिओ. आजी ज्याला जे म्हणते तेही लिही. तपासणीला येतील त्यांच्या हातात ती वही दे आणि सांग की हे सगळे शब्द आहेत, मोजा. माझ्याकडे वही नव्हती. आठवतात तेवढे सांगते: अज्जू, भुर्र, भूभू, पप्पी म्हणजे पाणी, आणि त्याला माझ्या आईला "आजी" म्हणता येत नव्हतं म्हणून "जी". आणखी चार-पाच होते. ते आता नवऱ्यालाही आठवत नाहीत, काल रात्री उठवून विचारलं.