तोंड नाही, पोट नाही, मग खोल समुद्रातला जायंट ट्यूबवर्म (नळीत राहणारा मोठा किडा) खातो काय?

तो काही खातच नाही, त्याच्या अंगातले बॅक्टेरिया कार्बन डायऑक्साइडपासून अन्न बनवतात आणि हा त्यावर जगतो. हा रिफ्टिया (त्याचं शास्त्रीय नाव) 1977 मध्ये पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांजवळ सुमारे अडीच किलोमीटर खोल, गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी दिसला, तिथे उजेडाचा पत्ता नाही त्यामुळे सगळेच चक्रावले, मग 1981 मध्ये कॉलीन कॅव्हेनॉ यांनी (तेव्हा त्या विद्यार्थिनी होत्या) बॅक्टेरियाचं उत्तर मांडलं. होतं असं की त्याचा लाल तुरा पाण्यातून कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन आणि हायड्रोजन सल्फाइड ओढतो, रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन आणि सल्फाइड दोन्ही एकाच वेळी पण वेगवेगळ्या जागी धरून आत नेतं (आपल्यासाठी तेच सल्फाइड विष!), आणि बॅक्टेरिया त्या सल्फाइडचं ऑक्सिडेशन करून मिळालेल्या एनर्जीवर कार्बन पकडून अन्न बनवतात. त्यातलं थोडं अन्न ते बाहेर सोडतात, आणि बरेच बॅक्टेरिया तर वर्म सरळ पचवूनच टाकतो, म्हणजे भाडेकरूच जेवण. फक्त 'सूर्याशिवाय जगतो' असं सरसकट म्हणू नका, कारण तो ऑक्सिजन वरच्या जगातल्या प्रकाशसंश्लेषणातूनच आलेला असतो.