दुसऱ्यांच्या लग्नात राबणे हा व्यवसाय होऊ शकतो का?

प्रश्न : माझी मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असून तिने लग्नसंयोजक होण्याचे ठरवले आहे. आमच्या घरातली सर्व लग्ने आम्ही नातेवाइकांनीच मिळून पार पाडली. त्यासाठी पैसे मोजून माणूस का ठेवावा, हे मला समजत नाही. दुसऱ्यांच्या लग्नात राबणे हा काय व्यवसाय झाला? – एक वडील

उत्तर : आपल्या पत्रातला ‘राबणे’ हा शब्द मला खटकला नाही, कारण तो खरा आहे. मात्र नातेवाईक करतात तेच काम संयोजक पैसे घेऊन करतो, ही समजूत आधी तपासायला हवी.

जोडपे संयोजकाकडे येते तेव्हा त्याच्याजवळ बहुधा एक अंदाजे तारीख आणि मनातले एक चित्र एवढेच असते. जाणता संयोजक फुलांविषयी बोलण्याआधी पाहुण्यांची संख्या विचारतो, कारण जेवण, जागा, निमंत्रणे आणि वाहने या सर्वांचा हिशेब त्या एका आकड्यावर उभा असतो. साठ इंच व्यासाच्या गोल टेबलाभोवती आठ माणसे ऐसपैस बसतात. म्हणजे 200 पाहुण्यांना 25 टेबले लागतात आणि वाढप्यांना त्यांच्यामधून फिरायला वाटही ठेवावी लागते. त्यामुळे खुर्च्यांच्या रांगा लावून 200 माणसे मावणारे सभागृह त्याच 200 जणांच्या पंक्तीला अपुरे पडते. ही गोष्ट जागेची आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी कळणे आणि नंतर कळणे यात फार अंतर आहे.

पुढचे काम करारपत्रांचे. ठरलेल्या वेळेपेक्षा कार्यक्रम लांबला तर छायाचित्रकार जादा किती घेणार, तो आजारी पडला तर बदली कोण येणार, तारीख पुढे गेली तर आगाऊ रकमेचे काय होणार, सामान हलवायला सभागृह किती वाजेपर्यंत मुभा देणार, हे सारे बारीक अक्षरांत लिहिलेले असते किंवा लिहिलेलेच नसते. जोडपे असे करारपत्र बहुधा आयुष्यात एकदा वाचते, तर संयोजक ते दर महिन्याला वाचतो. त्याच्या मानधनाचा मोठा भाग या सवयीचा असतो, असे माझे मत आहे. अंदाजपत्रकातली पाच ते दहा टक्के रक्कम अनपेक्षित खर्चासाठी बाजूला ठेवण्याचा आग्रहही तोच धरतो.

प्रत्यक्ष दिवसाचे वेळापत्रक उलट्या दिशेने मांडले जाते. समजा, विधी संध्याकाळी सहाला आहे आणि उजेड असेपर्यंत छायाचित्रे हवी असल्याने सर्वांनी चारला तयार असायला हवे. सहा जणींची रंगभूषा, प्रत्येकीला पाऊण तास आणि रंगभूषाकार दोन, म्हणजे सव्वादोन तास झाले. एक वाजता सुरुवात केली तरच कपडे नेसण्यासाठी पाऊण तास उरतो. सजावट, ध्वनियंत्रणा, स्वयंपाकघर या प्रत्येकाचा असाच हिशेब करून तो एका तक्त्यात बसवला जातो आणि तक्त्याची प्रत प्रत्येक पुरवठादाराच्या हाती दिली जाते. कार्यक्रम उघड्यावर असेल, तर पावसाची शक्यता पाहून आत हलण्याचा निर्णय किती वाजता घ्यायचा आणि तो कोणी घ्यायचा, हेही आधीच ठरलेले असते. नातेवाईक हे सगळे करू शकतात, यात शंका नाही. परंतु ते करताना त्यांना लग्न पाहता येत नाही.

याखेरीज, दोन कुटुंबांच्या अपेक्षा जुळत नाहीत तेव्हा जोडप्याला नक्की काय हवे आहे हे स्वतंत्रपणे विचारून घेणे आणि वडीलधाऱ्यांना न दुखावता ‘नाही’ म्हणणे, हेही या कामात येते.

आपल्या कन्येने सेवांमधले फरकही समजून घ्यावेत. काही संयोजक पहिल्या दिवसापासून संपूर्ण नियोजन करतात, तर काही केवळ लग्नाच्या दिवसाची जबाबदारी घेतात, आणि नाव ‘एका दिवसाचे’ असले तरी ते काम किमान महिनाभर आधी हाती घ्यावे लागते. सभागृहाने नेमलेला संयोजक सभागृहाचे हित सांभाळतो, जोडप्याचे नव्हे. मोबदला ठरावीक रक्कम म्हणून किंवा एकूण खर्चाच्या टक्केवारीने घेतला जातो. मला पहिली पद्धत अधिक स्वच्छ वाटते, कारण दुसरीत खर्च वाढण्यात संयोजकाचाच फायदा असतो. पुरवठादारांकडून दलाली घेऊन ती जोडप्यापासून लपवणे तर अप्रामाणिकच होय.

हा व्यवसाय आहे, पण सोपा नाही. उत्पन्न हंगामी असते आणि इतरांची सुट्टी हा आपला कामाचा दिवस असतो. म्हणून महागड्या अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्यापूर्वी तिने एक पूर्ण हंगाम एखाद्या अनुभवी संयोजकाच्या हाताखाली काढावा, असे मी सुचवेन. सजावटीची आवड असणे पुरेसे नाही. रात्री उशिरा टेबले मोजताना आणि उशीर करणाऱ्या पुरवठादाराशी शांतपणे बोलतानाही तिचा उत्साह टिकतो का, हे तिला तिथे कळेल.

आपल्याला स्वतःला खात्री करून घ्यायची असेल, तर घरातला पुढचा समारंभ तिच्याकडे सोपवावा. पाहुण्यांची संख्या आणि खर्चाची मर्यादा तिला लेखी द्यावी, वेळापत्रक तिच्याकडून आठवडाभर आधी मागून घ्यावे आणि त्या दिवशी आपण कोणतेही काम अंगावर न घेता पाहुण्यांमध्ये जाऊन बसावे.