कॅमेऱ्याचं नंतर बघू, आधी पॉलिसीवरची तारीख बघा

नाशिकच्या सिडकोतून एका वाचकांचं पत्र आलंय. वय 46, सातपूरच्या कारखान्यात नोकरी, हातात महिन्याला 58,000. घराचा हप्ता आणि घरखर्च जाऊन नऊ-दहा हजार उरतात. मुलगी अकरावीत. वडिलांनी जमवलेली नाणी, म्हणजे चांदवडी रुपये (चांदवडच्या टाकसाळीतली जुनी चांदीची नाणी), ब्रिटिश काळातले पाव आणे, त्यांच्याकडे आली आहेत. त्यांचे नीट फोटो काढायचे, घरचे सणसमारंभ टिपायचे आणि जमलं तर एकाहून जास्त असलेली नाणी ऑनलाइन विकून महिन्याला पाचेक हजार मिळवायचे, असा बेत आहे. प्रश्न असा की 62,000 चा मिररलेस कॅमेरा 18 महिन्यांच्या हप्त्याने घ्यावा का?

पण पत्राच्या शेवटी एक ओळ आहे. ‘हप्त्याने घ्यावा लागतोय, कारण चार लाखांची एफडी सुटली तेव्हा बँकेतल्या मॅडमनी त्यातले एक लाख दहा वर्षांच्या एफडीत टाकून दिले. दरवर्षी एक लाख भरायचे, विसाव्या वर्षी दुप्पट.’

साहेब, ही एफडी नाही. दरवर्षी पैसे भरावे लागतात ती एफडी असूच शकत नाही. तुम्ही सोबत जोडलेला कागद आयुर्विमा पॉलिसीचा आहे. त्यावर तीन रकाने आहेत: हमीचा, गुंतवणुकीवर 4 टक्के परतावा गृहीत धरलेला आणि 8 टक्के गृहीत धरलेला. मॅडमनी पेनाने गोल केलाय तो 20 लाखांचा आकडा शेवटच्या रकान्यातला आहे. 4 टक्क्यांच्या रकान्यात 13 लाख लिहिलेत, आणि हमी त्याहूनही कमी आहे. त्या रकान्यांकडे बोट दाखवायला हवं होतं. ते न दाखवता एफडीचे पैसे इकडे वळवले, याचा मला मनापासून राग येतो.

आता 20 लाख मिळतीलच असं धरू. दहा वर्षांत दहा लाख भरले, तर प्रत्येक रुपया सरासरी साडेपंधरा वर्षं गुंतून राहतो. दुप्पट व्हायला लागलेल्या वर्षांनी 72 ला भागलं की साधारण व्याजदर कळतो. साडेपंधरा वर्षांत दुप्पट म्हणजे 72 भागिले 15.5, जेमतेम साडेचार टक्के. 13 लाखच हाती आले तर दोन टक्केही पडत नाहीत. पीपीएफचा दर सध्या 7.1 टक्के आहे. तो तिमाहीला बदलू शकतो, पण तोच राहिला असं धरलं तर दहा वर्षं लाख-लाख भरून विसाव्या वर्षापर्यंत ठेवल्यास साडेएकोणतीस लाखांच्या घरात रक्कम जाते. फरक साडेनऊ लाखांचा, तोही पॉलिसीचं सगळं चांगलं झालं तर!

विम्याचं म्हणाल तर संरक्षण दहा लाखांचं, म्हणजे तुमचा दीड वर्षाचाही पगार नाही. शिवाय वर्षाला लाख म्हणजे महिन्याला 8,300. उरतात नऊ-दहा हजार. एफडीतले उरलेले तीन लाख तीन हप्त्यांत संपतील, अडीअडचणीला काही राहणार नाही, आणि मुलगी तेव्हा ऐन कॉलेजात असेल. मध्येच भरणं थांबवलंत तर भरलेल्यातलाही मोठा हिस्सा जाईल.

सुदैवाने तुम्ही लिहिलंत तेव्हा पॉलिसीचा कागद हातात येऊन अकराच दिवस झाले होते. कागद मिळाल्यापासून तीस दिवसांत पॉलिसी परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात. म्हणून उत्तर छापायची वाट न पाहता तुम्हाला त्याच दिवशी मेल केला. इतरांसाठी पुन्हा सांगतो: अर्ज थेट विमा कंपनीकडे द्या, मेलही करा आणि पोच घ्या. बँकेत जाऊन ‘मॅडम रजेवर आहेत, सोमवारी या’ ऐकत बसू नका. मुद्रांक शुल्क, तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी रक्कम परत मिळते. टाळाटाळ झाली तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग विमा लोकपालाकडे. पैसे परत आले की पहिलं काम, 75 लाख ते एक कोटीचा निव्वळ टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा.

आता कॅमेरा. 62,000 चा घेऊ नका. नाणं म्हणजे पंचवीसेक मिलिमीटरची सपाट, न हलणारी वस्तू. जुना डीएसएलआर आणि त्यासोबत येणारी 18-55 लेन्स बहुतेकदा 15-20 हजारांत मिळते, आणि अगदी जवळ नेली की नाणं फ्रेमची निम्म्याहून जास्त उंची भरतं. तेवढं पुरे. घरच्या कार्यक्रमांनाही हाच चालेल. त्याआधी महिनाभर हातातल्या फोनवर करून बघा: फोन स्टँडवर, थोडा वर, 2x झूम, दोन सेकंदांचा टायमर.

खरा खर्च आणि खरी मेहनत उजेडावर करा. दोन एलईडी दिवे आणि समोर ट्रेसिंग पेपर, म्हणजे चांदीवर पांढरे डाग पडत नाहीत. झिजलेल्या अक्षरांसाठी एकच दिवा, अगदी तिरपा. 1906 साली आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर क्षत्रप राजा नहपानाच्या छापावर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा छाप आहे. असे एकावर एक छाप समोरच्या उजेडात सपाट दिसतात, तिरप्या उजेडात सुटे होतात. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे, एकदा सवडीने बघून या.

महिन्याला पाच हजारांची आशा मात्र हिशेबात धरू नका. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखांत घेतो म्हणणारे आधी ‘नोंदणी’चे पैसे मागतात. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये अशा व्यवहारांबद्दल जाहीर इशारा दिला होता. शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी गिऱ्हाइकाला पाठवणं तर कायद्यानेच बंद आहे. आणि फोटोसाठी म्हणून चांदवडी रुपयांना चिंच किंवा पॉलिश लावू नका, घासलेल्या नाण्याला जाणकार संग्राहक निम्मी किंमतही देत नाही.