टाकीत किती भरता ते नाही, टाकी केवढी आहे ते बघतात

घोडबंदर रोडवरची सोसायटी. जनरेटरसाठी बिल्डरने पुरून ठेवलेली ३,००० लिटरची डिझेल टाकी. पाऊस ओसरल्यावर बेसमेंटच्या सम्पमध्ये, म्हणजे पाणी साठून उपसायच्या खड्ड्यात, तेलाचा तवंग. आणि कमिटी म्हणते, ‘आपण कधी ९०० लिटरच्या वर भरतच नाही, मग लायसन्स कशाला? उगाच कुठे कळवू नका.’ तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला, कारण हेच वाक्य मी खारघरला सेक्रेटरी असताना जनरल बॉडीत छातीठोकपणे बोललो होतो.

जनरेटरच्या बाकी परवानग्या तुम्हाला माहीत असतीलच, त्यात शिरत नाही. मी वकील नाही. जे भोगलं ते सांगतोय, कायद्याचं जाणकाराकडून तपासून घ्या.

पेट्रोलियम कायदा १९३४, कलम ७. डिझेल त्यातल्या क्लास बी या वर्गात येतं. एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत लायसन्स लागत नाही, पण पुढे अट आहे: त्यातलं काहीही १,००० लिटरपेक्षा जास्त क्षमतेच्या टाकीत किंवा पिंपात असता कामा नये. क्षमतेच्या. आत तुम्ही ९०० ओता नाहीतर ९०, टाकी ३,००० ची असेल तर सवलत गेली. आमची टाकी २,००० ची होती. मी २,५०० चा आकडा वाचला, खूश झालो आणि वाक्य पुरं वाचलंच नाही.

या चुकीची खरी किंमत नंतर कळली. गळतीचा वास आला, तेव्हा कुणीतरी कलम नीट वाचलं आणि टाकी विनालायसन्स आहे हे उघड झालं. मग सगळ्यांची दातखीळ बसली. कळवलं तर आपणच अडकू, या भीतीने आम्ही २२ दिवस गप्प बसलो. तेवढ्यात शेजारच्या इमारतीच्या बोअरच्या पाण्याला वास यायला लागला. तिथल्या एक आजी आमच्या ऑफिसात येऊन म्हणाल्या, ‘तुम्हाला माहीत होतं ना? मग एक कागद तरी लावायचा होता गेटवर.’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गळती आधी का समजली नाही, हेही सांगतो. आमचं डिपचं, म्हणजे टाकीतली पातळी मोजण्याचं, रजिस्टर होतं, वॉचमन रोज काठी घालून आकडा लिहायचा. जुलै-ऑगस्टमध्ये आकडा कमी होण्याऐवजी किंचित वाढत होता, आणि आम्ही म्हणायचो, बरं आहे, डिझेल वाचतंय. प्रत्यक्षात त्याच भोकातून जमिनीतलं पाणी आत येत होतं. डिझेल हलकं, ते पाण्यावर तरंगतं, त्यामुळे काठीवर पातळी चढलेली दिसते. आमच्याकडची भराव घातलेली खारी जमीन, पावसाळ्यात पाणी वरपर्यंत येतं, लोखंडाला ती खाऊन टाकते. पावसाळा संपून भूजल उतरलं की उलटा प्रवास, डिझेल बाहेर. म्हणून नुसता डिप घेऊ नका. काठीच्या टोकाला पाणी दाखवणारी पेस्ट लावा, पाणी लागलं की तिचा रंग बदलतो. आणि जनरेटर किती तास चालला ते डिपशी ताडून बघा. आमचा १२५ केव्हीएचा सेट अर्ध्या लोडला तासाला १४-१५ लिटर खायचा. हा हिशोब एकदा जरी मांडला असता तरी ऑगस्टमध्येच समजलं असतं.

आता कळवण्याचं. माझं मत ठाम आहे, पटलं नाही तरी चालेल: आधी रहिवासी आणि शेजारी, त्याच दिवशी, गेटवर साध्या मराठीत. बोअर कोण वापरतं ते विचारा. पाणी कायदा १९७४ च्या कलम ३१ मध्ये अपघाताने प्रदूषक विहिरीत, गटारात किंवा जमिनीत गेलं तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला ताबडतोब कळवायचं आहे. ते सोसायटीला लागू होतं की नाही यावर आमच्या कमिटीत तासन् तास वाद झाला. वाद घालू नका, पत्र द्या, आवक शिक्का घ्या. आग किंवा स्फोट होऊन जीवितहानी किंवा गंभीर इजा-नुकसान झालं तर पेट्रोलियम कायद्याचं कलम २७ वेगळं आहे: पोलीस ठाणे किंवा दंडाधिकारी, आणि मुख्य विस्फोटक नियंत्रक, लगेच.

टाकी कायदेशीर करायच्या नादात आमचे सात महिने गेले. लायसन्स पेसो, म्हणजे केंद्राची पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संस्था, देते, आपल्या भागाचं त्यांचं कार्यालय बेलापूरला आहे, पण आधी जिल्हा प्राधिकाऱ्याची एनओसी हवी. पेट्रोलियम नियम २००२ प्रमाणे जिथे पोलीस आयुक्त आहेत तिथे ते किंवा उपायुक्त, इतरत्र जिल्हा दंडाधिकारी. खारघर जिल्ह्याने रायगड, पोलीस नवी मुंबईचे. एका कार्यालयाने फाइल ठेवून घेतली, दर खेपेला नवा नकाशा, नवं प्रतिज्ञापत्र, आणि सातव्या महिन्यात तोंडी सांगितलं की हद्द आमची नाही. लेखी द्या म्हटलं, तर तेही दिलं नाही. नियमात तीन महिन्यांची मुदत लिहिलेली आहे! अजून संताप होतो. तुम्ही ठाण्यात आहात, तिथेही आयुक्तालय आहे. अर्ज टाकण्याआधीच हद्द कुणाची हे लेखी विचारा.

शेवटी टाकीच बंद केली आणि जमिनीवर ९९० लिटरच्या दोन टाक्या बसवल्या, भोवती सांडलेलं अडेल असा कठडा बांधून. तुमच्याकडे जागा असेल तर मी हाच मार्ग सुचवेन.

दोन गोष्टी आजच्या आज करा. सम्पचा पंप ऑटोवर असेल तर बंद करा, नाहीतर तवंग पावसाळी गटारातून खाडीत जाईल. आणि घाबरून टाकी पूर्ण रिकामी करून तशीच सोडू नका. जमिनीत अजून पाणी असेल तर रिकामी टाकी उचलली जाते, पाइप तुटतात. साफसफाईला कुणालाही नुसता दोर बांधून आत उतरवू नका, आणि ‘रिकाम्या’ टाकीवर वेल्डिंग तर मुळीच नको. आत डिझेलची वाफ असते. हे काम करणारी माणसं आधी हवा तपासतात, न तपासता कुणी उतरायला निघालं तर त्याला गेटवरूनच परत पाठवा.

टाकीची क्षमता बिल्डरच्या कागदात नसेल तर मॅनहोलजवळची पाटी बघा, तिचा फोटो टाका. मी रात्री नऊनंतर इथे असतो.