चेंडू येताच डोळे मिटतात

प्रश्न : मुलगी 4 वर्षांची आहे. चेंडू टाकला की डोळे गच्च मिटून घेते. काय करू?

उत्तर : तिची भीती खरी आहे, ‘घाबरतेस काय’ असं म्हणू नका. माझ्या बालवाडीत चेंडू म्हणजे घरट्यातून पडलेलं पिल्लू. आधी ते जमिनीवरून घरंगळत येतं. पाय फाकवून बसलेली मुलं त्याला उचलून छातीशी धरतात. या वयात झेल असा कवटाळूनच घेतला जातो, नुसत्या हातांत पुढे जमतो. मग फुगा घ्या. तो सावकाश उतरतो, नजरेला वेळ मिळतो. ‘पिल्लाचे डोळे कुठे आहेत गं?’ विचारलं की मुलं त्याच्याकडे टक लावून बघतात! नंतर मोज्यांचा गोळा. कडक चेंडू इतक्यात नकोच. हातून सुटलं तर पिल्लू उडालं म्हणायचं, आणि पुन्हा बोलवायचं.