अ‍ॅनेक्सिन-पीआय स्टेनिंगमध्ये औषध न दिलेल्या पेशीही मेलेल्या का दिसतात?

बहुतेक वेळा दोष ट्रिप्सिनचा, म्हणजे चिकटलेल्या पेशी सोडवणाऱ्या एन्झाइमचा असतो. या चाचणीत मरणाऱ्या पेशी दोन रंगांनी ओळखतात; आधी ते रंग काय दाखवतात ते बघा. जिवंत पेशीत फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचं मेद पेशीपटलाच्या आतल्या बाजूला असतं. अपॉप्टोसिस (पेशीचं ठरवून होणारं मरण) सुरू झाला की ते बाहेर येतं आणि हिरवा अ‍ॅनेक्सिन व्ही त्याला चिकटतो. प्रोपिडियम आयोडाइड, म्हणजे लाल पीआय, धड पटलातून आत शिरूच शकत नाही; पटल फाटलं की आत जाऊन डीएनएला धरतो. म्हणून नुसती हिरवी पेशी म्हणजे मरणाच्या वाटेवर, हिरवी-लाल म्हणजे खेळ आटोपला. (ती अपॉप्टोसिसने गेली की नेक्रोसिसने, म्हणजे इजेने, हे मात्र या रंगांवरून कळत नाही.)

आता तुमचा घोळ. फ्लास्कला चिकटलेल्या पेशी सोडवताना ट्रिप्सिन जास्त वेळ राहिलं की पटलाला इजा होते, मग अ‍ॅनेक्सिन आतलं फॉस्फॅटिडिलसेरिनही गाठतो. मीही एकदा फोनवर बोलत बसलो आणि कंट्रोलच्या, म्हणजे औषध न दिलेल्या, निम्म्या पेशी हिरव्या! वेळ कमी करा, पिपेट हळू चालवा. ट्रिप्सिनच्या द्रावणातलं ईडीटीए नीट धुऊन काढा. अ‍ॅनेक्सिनला कॅल्शियम लागतं आणि ईडीटीए तेच पळवतं, त्यामुळे उलटी चूक होते, मरणाऱ्या पेशी निरोगी दिसतात. बफर कॅल्शियमवालाच हवा, पीबीएस (साधं फॉस्फेटचं खारं द्रावण) नको. रंग घालून अंधारात 15 मिनिटं, मग तासाभरात फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीचा रंग मोजणारं यंत्र). आणि मीडियात तरंगणाऱ्या पेशी फेकू नका, मेलेल्या त्यातच सापडतात.

एकेक रंगाचे कंट्रोल, म्हणजे एकच रंग दिलेले नमुने, लावलेत ना?