आधी सूचना, मग यंत्र : शाळेतील कोडिंग आणि रोबोटिक्सविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी यंदा दुसरीत गेली. तिच्या वर्गातील काही मुले कोडिंगच्या शिकवणीला जातात. आत्ताच सुरुवात केली नाही तर ती मागे पडेल का? (एक पालक, राजारामपुरी)

उत्तर : मागे पडणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्येही कोडिंगचे उपक्रम सहावी ते आठवीच्या टप्प्यावर सुचवलेले आहेत. मुलीला गोडी असेल तर स्क्रॅच ज्युनिअर हे ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी तयार झालेले मोफत ॲप पुरेसे आहे. त्यात चित्रांचे ठोकळे जोडून पडद्यावरचे मांजर चालवता येते, त्यामुळे वाचन कच्चे असले तरी अडत नाही. शिकवणी लावायचीच असेल तर एक तास वर्गात बसू देण्याची विनंती करा आणि मूल चुकल्यावर शिक्षक काय करतात, एवढेच पाहा. जे शिक्षक स्वतः चूक दुरुस्त करून पुढे जातात, ते या विषयातील सर्वांत मोलाचे काम मुलाच्या हातून काढून घेतात.

प्रश्न : मी करवीर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिसरी-चौथीची मिळून ३४ मुले आहेत, चालू स्थितीतील संगणक एकच आहे आणि पावसाळ्यात विजेचा भरवसा नसतो. अशा ठिकाणी काय शिकवता येईल?

उत्तर : पुष्कळ काही. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातील टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याचे उपक्रम तयार केले आणि ते आज अनेक देशांत वापरले जातात. आपण व्हरांड्यात खडूने चौकटी आखून सुरुवात करावी. एक मूल रोबोट होईल आणि त्याला ‘एक घर पुढे’, ‘उजवीकडे वळ’, ‘डावीकडे वळ’ या तीनच सूचना कळतील. गटाने सर्व सूचना आधी कागदावर लिहायच्या आणि वाचन सुरू झाल्यावर मध्ये बोलायचे नाही, हा नियम मात्र कसोशीने पाळावा, कारण आधी पूर्ण विचार करून सूचना देणे आणि तोंडाने एकेक पाऊल सांगत जाणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. रोबोट खांबाला जाऊन धडकला की वर्ग हसतो. तेथेच थांबून कितवी सूचना चुकली हे मुलांनाच शोधू द्यावे. संगणकतज्ज्ञ सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली. तिच्यात पुढे ‘कासव’ आले, म्हणजे जमिनीवरचा छोटा रोबोट किंवा पडद्यावरची आकृती. तेही अशाच सूचनांवर फिरत असे, आणि मूल अडले की त्याने स्वतः कासव होऊन चालून पाहावे, अशी अपेक्षा असे.

यानंतर अट शिकवावी. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे आपल्याकडच्या मुलांच्या कानांवर दर पावसाळ्यात पडते. ‘पातळी ४३ फूट किंवा अधिक असेल तर लाल कार्ड, नाही तर, ३९ फूट किंवा अधिक असेल तर पिवळे, नाही तर हिरवे’ असा नियम फळ्यावर लिहून वेगवेगळे आकडे द्यावेत. दुसऱ्या दिवशी मुद्दाम क्रम बदलून ३९ ची अट आधी ठेवावी. आता ४५ फूट म्हटले तरी पिवळेच कार्ड वर येईल, कारण पहिलीच अट खरी ठरल्यावर पुढची तपासलीच जात नाही. नियम तेच असूनही केवळ क्रमाने उत्तर बिघडते, हे मुलांना येथे जितके स्वच्छ दिसते तितके मी अन्य कोणत्याही उदाहरणात पाहिलेले नाही. वर्गात २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात घर सोडावे लागलेल्या कुटुंबांतील मुले असतील, तर मात्र हे उदाहरण जपून वापरावे.

एका संगणकावर दोघांना बसवावे : एकाने सांगायचे, दुसऱ्याने करायचे आणि दहा मिनिटांनी अदलाबदल. स्क्रॅच हे स्क्रॅच ज्युनिअरसारखेच, पण थोड्या मोठ्या मुलांसाठीचे ठोकळे जोडण्याचे साधन एकदा उतरवून घेतले की इंटरनेटवाचून चालते. मुले-मुली एकत्र असतील तर माउस मुलाकडे आणि वही मुलीकडे अशी वाटणी नकळत होते, आणि आपण लक्ष घातले नाही तर ती वर्षभर टिकते.

प्रश्न : आमची संस्था प्राथमिक विभागासाठी रोबोटिक्सचे किट घेणार आहे. निवड कशी करावी? (विश्वस्त, कोल्हापूर शहर)

उत्तर : अटल टिंकरिंग लॅब ही शाळांत प्रयोगशाळा उभारण्याची केंद्र सरकारची योजना सहावी ते बारावीसाठी आहे, त्यामुळे तेथील साहित्याची यादी जशीच्या तशी प्राथमिक वर्गासाठी उचलू नये. जे किट सुटे करून पुन्हा वेगळ्या प्रकारे जोडता येते आणि ज्याची मोटार किंवा तार जळाल्यास गावात बदलून मिळते, ते घ्यावे. बटण सेल लहान मुलांच्या हाती देऊच नयेत. तो गिळला गेल्यास अन्ननलिका भाजून जिवावर बेतू शकते. सेल ठेवण्याचा कप्पा स्क्रूने बंद होणारा असावा.

खरेदीपूर्वी मुलांना राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाज्यांविषयी सांगावे. पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. आधी जाणायचे, मग त्यानुसार कृती करायची, हे सूत्र तेथे पाण्यानेच सांभाळलेले आहे. काळ्या रेघेवरून चालणारा रोबोटही हेच करतो. त्याचा संवेदक (सेन्सर) प्रकाश टाकतो, पांढरा कागद तो परत पाठवतो, काळी रेघ शोषून घेते, आणि या फरकावरून प्रोग्रॅम कोणते चाक फिरवायचे ते ठरवतो. हे कळलेले मूल किट हाती आल्यावर योग्य प्रश्न विचारते.

प्रश्न : मुले मराठी माध्यमाची आहेत. आधी इंग्रजी पक्के करून घ्यावे का? (शिक्षक, शिरोली)

उत्तर : नाही. ‘जर’, ‘तर’, ‘नाही तर’ आणि ‘तोपर्यंत’ हे शब्द ज्याला नेमके वापरता येतात, त्याच्याकडे या विषयाची भाषा आहे. सुरुवातीला लागणारे मोजके इंग्रजी शब्द कामाच्या ओघात बसतात. आपल्या गावच्या एमआयडीसीत सीएनसी यंत्र, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर धातू कापणारे यंत्र, चालवणारे कित्येक पालक जी-कोडच्या, म्हणजे त्या यंत्राला दिलेल्या सूचनांच्या, ओळी रोज वाचतात. त्यांच्यापैकी एखाद्याला छापील प्रोग्रॅम आणि त्यावर तयार झालेला जॉब (सुटा भाग) घेऊन शाळेत बोलवावे, आणि कोणत्या ओळीने कोणती खाच पडली हे मुलांना बोट ठेवून शोधायला सांगावे.